वेळास ते माणदेश : निर्जीवांचा अंमल

निसर्गातील निर्जीव घटक म्हणजे खडक, माती, पाणी, हवा, प्रकाश, उष्णता, वारा, क्षार आणि जमिनीचा चढउतार. सजीवसृष्टीच्या वर्णनात त्यांना बहुधा नाटकातल्या मागच्या पडद्याची जागा मिळते. पुढे वनस्पती-प्राण्यांचा खेळ चालतो आणि मागे डोंगर, नदी, आभाळ रंगवलेले असते. ही मांडणी चुकीची आहे. इंग्लंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्स्ली यांनी १९३५ साली ‘इकोसिस्टिम’ म्हणजे परिसंस्था हा शब्द शास्त्रीय लेखनात रूढ केला, तेव्हा त्यांचा आग्रह नेमका याच मुद्द्यावर होता. सजीवांचा समूह त्याच्या भौतिक परिस्थितीपासून तोडून पाहिला, तर जे हाती उरते ते निसर्गात अस्तित्वातच नसते. माती, हवा, पाणी आणि त्यांवर जगणारे जीव मिळून एकच व्यवस्था होते.

या घटकांची यादी करणे सोपे आहे, पण यादीतून फारसे कळत नाही, कारण निसर्गात ते कधी सुटे सुटे काम करत नाहीत. तोच पाऊस एका जमिनीवर गर्द रान वाढवतो आणि शेजारच्या कातळावर वीतभर गवतापलीकडे काही टिकू देत नाही. कोणता घटक किती आहे, एवढ्याने काही ठरत नाही. तो केव्हा येतो, किती काळ टिकतो आणि सोबत काय आणतो, यावर सारे अवलंबून असते. हे पाहायला महाराष्ट्रात साडेसतरा ते अठरा अंश उत्तर अक्षांशांमधला पट्टा फार सोयीचा आहे. पश्चिमेला मंडणगड तालुक्यातील वेळासचा किनारा, मध्ये महाबळेश्वरचा घाटमाथा आणि पूर्वेला दहिवडीचा माणदेश. सरळ रेषेत हे अंतर दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरांचे. अक्षांश जवळपास एकच, त्यामुळे सूर्याचा मार्ग आणि दिवसाची लांबी सगळीकडे सारखी. तरीही एका टोकाला खारफुटी, मध्ये सदाहरित रान आणि दुसऱ्या टोकाला हिवर-बाभळीचे माळ. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटच्या खाडीत, वेळासच्या शेजारीच, समुद्राला मिळते. त्याच माथ्यावर उगम पावणारी कृष्णा पूर्वेला वळून सुमारे १४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते.

या साऱ्या पट्ट्याखाली खडक एकच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहत राहिला आणि थरावर थर साचून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला. आज तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे आणि पश्चिम बाजूला सर्वांत जाड आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पट्ट्या म्हणजे हेच थर. काही थर घट्ट, काही पोकळ्यांनी भरलेले, तर काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये लाल मातीचा पातळ पट्टा. घट्ट थरातून पाणी झिरपत नाही, ते भेगांतून आणि पोकळ थरातून सरकते. म्हणूनच घाटात कड्याच्या मधोमध अचानक झरा लागतो, आणि पठारावर एका विहिरीला पाणी लागते तर पन्नास पावलांवरची दुसरी कोरडी जाते. खडक एक असूनही त्याच्यावरची माती मात्र ठिकठिकाणी वेगळी झाली. त्यामागे हवामान आहे.

पट्ट्याचे पश्चिम टोक म्हणजे वेळासची वाळू. येथे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे हिवाळ्यात अंडी घालायला येतात. मादी रात्री वर चढते, भरतीच्या रेषेपलीकडे दीड फुटाच्या आसपास खोल खड्डा करते, शंभराच्या आगेमागे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि परत जाते. त्यानंतरचे पालकत्व वाळूकडे असते. कासवाच्या पिल्लाचे लिंग गर्भधारणेच्या क्षणी ठरत नाही. अंडे उबण्याच्या मधल्या काळात भोवतालची वाळू किती तापलेली आहे, यावर ते ठरते. सुमारे २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास नर-माद्या साधारण सारख्या निघतात, वाळू याहून गार असेल तर नर जास्त आणि गरम असेल तर माद्या जास्त. म्हणजे एका पिढीत नर किती आणि माद्या किती, हा जीवशास्त्रातला अगदी मूलभूत प्रश्न वाळूच्या कणांचा रंग, त्यांची जाडी, ओल आणि घरट्यावर पडणारी सावली यांच्यावर सुटतो. डिसेंबरातल्या घरट्याला आणि मार्चमधल्या घरट्याला एकाच किनाऱ्यावर वेगळे नशीब मिळते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून येथे संवर्धनाचे काम उभे केले. अंडी कुंपणाच्या आत हलवताना खड्ड्याची खोली मूळच्या घरट्याइतकीच ठेवावी लागते, याचे कारण हेच. चार बोटे खोली चुकली, तरी तापमान बदलते.

पिल्ले बाहेर पडतात तीही तापमानाच्या खुणेवर. वरची वाळू तापलेली असेल तर ती खालीच थांबून राहतात. सांज उतरून किंवा पहाटे वाळू निवली की एकदम वर येतात. मग प्रकाश हा दुसरा घटक सूत्रे हाती घेतो. समुद्राच्या बाजूचे क्षितिज जमिनीच्या बाजूपेक्षा उजळ असते आणि पिल्ले त्या उजेडाकडे धावतात. किनाऱ्यावर दिवे लावले, तर तीच पिल्ले गावाकडे वळतात. लाखो वर्षे भरवशाची असलेली खूण एका बल्बने खोटी ठरते.

बाणकोटच्या खाडीत शिरल्यावर अंमल बदलतो. येथे मीठ, चिखल आणि भरती-ओहोटी यांचे राज्य आहे. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पावसाळ्यात सावित्रीचे गोडे पाणी हा खारेपणा खाडीच्या तोंडापर्यंत ढकलते. उन्हाळ्यात नदी आटली की खारे पाणी आत खोलवर चढते, आणि मधल्या काळात सगळीकडे मचूळ पाणी असते. एकाच जागी उभ्या असलेल्या झाडाला वर्षभरात तिन्ही पाण्यांशी जुळवून घ्यावे लागते. शिवाय दिवसातून दोनदा मुळे बुडणार आणि दोनदा उघडी पडणार, आणि दर दिवशी ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाणार. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जिथे चढते, तिथे अष्टमीच्या भांगेला पोचत नाही.

तरीही खाडीत मिठापेक्षा मोठी अडचण प्राणवायूची आहे. गाळाचे कण इतके बारीक आणि इतके पाण्याने भरलेले असतात, की हवा आत जात नाही. काठी खुपसून काढली तर काळा चिखल आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो प्राणवायूवाचून जगणाऱ्या जिवाणूंनी तयार केलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा. तिवर या अडचणीवर उपाय म्हणून चिखलातून पेन्सिलीसारखी मुळे वर काढते आणि ओहोटीत त्यांच्या छिद्रांतून हवा घेते. कांदळ आधारमुळांच्या कमानींवर उभे राहते. मिठाचा निकालही दोघे वेगळ्या रीतीने लावतात. कांदळाची मुळे बहुतेक मीठ आतच घेत नाहीत. तिवर आत घेते आणि पानांतून बाहेर टाकते, म्हणून उन्हात तिवराच्या पानावर मिठाचे बारीक कण चमकतात. कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि लांबट रोप होऊन चिखलात पडते, कारण उघड्या बीला भरती एका जागी टिकू देत नाही. खाडीकाठी पाण्याकडून जमिनीकडे जाताना झाडांच्या जाती पट्ट्यापट्ट्यांनी बदलतात. झाडे मोजण्याऐवजी हे पट्टे पाहिले, तर कुठवर कोणती भरती चढते याचा नकाशाच समोर येतो.

खाडीच्या वरच्या अंगाला कोकणचा सडा आहे. सडा म्हणजे जांभ्याचे पठार. बेसाल्टवर दीर्घकाळ भरपूर पाऊस पडला आणि पावसाळ्यानंतर तो तितकाच कोरडा पडत राहिला, तर खडकातला सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम असा विरघळणारा ऐवज हळूहळू धुऊन जातो. मागे लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे उरतात. तोच जांभा. फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारात या दगडाच्या विटा पाडताना पाहिल्या आणि १८०७ साली छापलेल्या वृत्तान्तात विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटेराइट हे नाव दिले. कोकणात त्याचाच चिरा होतो. खाणीत तो नरम असतो, वारा लागला की टणक होतो.

सड्यावरचे जगणे हे टोकाचे जगणे आहे, आणि म्हणून या विषयात सड्याएवढे बोलके उदाहरण दुसरे नाही. जुलैत तिथे घोट्यापर्यंत पाणी साचते. एप्रिलमध्ये त्याच कातळावर अनवाणी पाऊल ठेववत नाही. मातीचा थर बहुतेक ठिकाणी काही बोटांचा, आम्लधर्मी आणि पोषणाच्या दृष्टीने रिकामा. नायट्रोजन आणि फॉस्फरस दोन्ही अपुरे. झाड वाढायला मूळ खोल जावे लागते आणि इथे कातळ मूळ शिरू देत नाही, म्हणून झाड नाही. कित्येक सरकारी कागदांत अशा जमिनीची नोंद पडीक म्हणून होते. ती नोंद वस्तुस्थितीला धरून नाही. दर पावसाळ्यात या ‘पडीक’ कातळावर शेकडो जातींच्या लहान वनस्पती उगवतात आणि त्यांतल्या कित्येक जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. दीपकाडीसारख्या काही वनस्पती जमिनीखालच्या कंदात आठ-नऊ महिने दडून राहतात आणि पहिल्या पावसानंतर पांढरी फुले घेऊन वर येतात. काही बीपासून बीपर्यंतचे सारे आयुष्य तीन महिन्यांत उरकतात. ट्रायपोगॉनसारखी गवते उन्हाळ्यात पार वाळून कुरकुरीत होतात आणि पाणी मिळताच काही तासांत तीच पाने पुन्हा हिरवी होतात.

नायट्रोजनच्या तुटवड्याने तर वनस्पतींच्या अन्नाची रीतच बदलली. दवबिंदू ही इवलीशी वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांत कीटक अडकवून त्यांच्या शरीरातून नायट्रोजन घेते. सीतेची आसवं ही जांभळ्या फुलांची वनस्पती ओल्या मातीतल्या सूक्ष्म जिवांना देठाला लागलेल्या छोट्या पिशव्यांत ओढून घेते. दोन्ही हिरव्या आहेत, दोन्ही उन्हावर स्वतःचे अन्न करतात. कीटक त्यांना ऊर्जेसाठी नको असतो, मातीत नसलेल्या द्रव्यासाठी हवा असतो. चांगल्या सुपीक मातीत नेऊन लावले, तर त्या भोवतीच्या गवताखाली दबून जातात. तुटवडा हाच त्यांचा आसरा आहे.

याच कातळावर कोकणात माणसाने प्राचीन काळी कोरलेली कातळशिल्पे आजवर टिकली, तीही मातीचा थर न साचल्यामुळे आणि दगडाच्या टणकपणामुळे. आणि हाच सडा चिरेखाणीसाठी कापला गेला, की जे जाते ते पुन्हा येत नाही. तो घडायला लागणारा काळ लाखो वर्षांत मोजावा लागतो.

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना उंचीचा अंमल सुरू होतो. दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे सुमारे १३५० मीटर उंचीचे महाबळेश्वर कोकणपट्टीपेक्षा आठ-नऊ अंशांनी गार. पण उंचीचा याहून मोठा परिणाम पावसावर होतो. अरबी समुद्रावरून आलेली बाष्पाने भरलेली हवा कड्याला थडकून वर सरकते, वर जाताना प्रसरण पावून निवते, बाष्पाचे पाणी होते आणि कोसळते. वेळासच्या परिसरात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पडणारा पाऊस महाबळेश्वरला ५५०० मिलिमीटरच्या वर जातो. माथा ओलांडल्यावर तीच हवा खाली उतरू लागते, दाबली जाते, तापते आणि ढग विरतात. पंधरा-अठरा किलोमीटरांवरच्या पाचगणीला सुमारे १८०० मिलिमीटर आणि घाटाच्या पायथ्याच्या वाईला त्याच्याही निम्म्याहून कमी पाऊस असतो. पाऊस इतक्या थोड्या अंतरात इतका घटतो, अशी ठिकाणे जगात थोडीच आहेत. महाबळेश्वरहून वाईकडे उतरणाऱ्या एसटीच्या खिडकीतून तासाभरात शेवाळलेली खोडे, मग करवंदीच्या जाळ्या, मग बाभळी आणि ज्वारीची ताटे एकामागून एक दिसत जातात.

आता एक प्रश्न उरतो, आणि तो या सर्व विवेचनाच्या मध्यभागी आहे. महाबळेश्वरला इतका पाऊस पडतो, तर तिथले जंगल केरळच्या दक्षिणेकडील सह्याद्रीतल्या जंगलासारखे उत्तुंग आणि बहुविध का नाही? तिथल्या कित्येक भागांत पाऊस महाबळेश्वरपेक्षा कमी असतो. उत्तर पावसाच्या आकड्यात नाही, पंचांगात आहे. महाबळेश्वरचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि नंतरचे सात-आठ महिने कोरडे जातात. दक्षिण केरळात नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या आधी वळवाच्या सरी आणि नंतर ईशान्य मोसमी पाऊस येतो, त्यामुळे कोरडा काळ दोन-चार महिन्यांवर आटोपतो. झाडाला जुलैतल्या दोन हजार मिलिमीटरांचा उपयोग मर्यादित असतो, कारण जमीन भरली की उरलेले वाहून जाते. त्याला मार्चमधली ओल हवी असते. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेतले वनशास्त्रज्ञ पास्कल यांनी सह्याद्रीच्या सदाहरित वनांचा जो अभ्यास केला, त्यातून हे स्पष्ट झाले, की दक्षिणेकडून उत्तरेकडे कोरड्या महिन्यांची संख्या वाढत जाते आणि त्याबरोबर सदाहरित वृक्षांच्या जाती गळत जातात. सरासरी वार्षिक पर्जन्यमान हा आकडा इतका सर्रास वापरला जातो, की त्याने किती गोष्टी झाकल्या जातात याचे भान राहत नाही.

महाबळेश्वरच्या रानात म्हणून जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा अशी लांब उन्हाळा सोसणारी झाडे प्रमुख आहेत. वाऱ्याच्या तोंडावर ती खुजी आणि एका बाजूला कललेली राहतात. घळीत, वाऱ्याच्या आडोशाला, त्यांची उंची एकदम वाढते. रानाच्या आत प्रकाशाचा हिशोब वेगळा होतो. दाट छताखाली जमिनीपर्यंत पोचणारे ऊन वरच्या उन्हाच्या शेकडा एक-दोन भाग इतकेच असते. झाड पडून छताला भोक पडले, की वर्षानुवर्षे ताटकळलेली रोपे त्या उजेडात झपाट्याने वाढू लागतात. खाली जागा कोणाला मिळायची, हे पुष्कळदा एका पडलेल्या झाडाने ठरते.

थंडीचा अंमलही असाच सूक्ष्म आहे. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात पहाटे दव गोठून गवतावर पांढरा थर बसतो. त्याच वेळी वेधशाळेत नोंदलेले तापमान शून्याच्या बरेच वर असते. निरभ्र रात्री जमीन उष्णता आकाशाकडे फेकते, तिच्याजवळची हवा गार आणि जड होते आणि उतारावरून पाण्यासारखी वाहत खोलगट जागी साचते. वेधशाळेतला तापमापक जमिनीपासून वर, पेटीत असतो. गवताचे पाते जिथे असते तिथली हवा वेगळी असते. सजीवांना लागू पडते ते हे दुसरे हवामान. बेडकाचे, शेवाळाचे, स्ट्रॉबेरीच्या रोपाचे हवामान हातभर उंचीच्या आतच असते.

सातारच्या पश्चिमेला सुमारे १२०० मीटर उंचीवरचे कास पठार, २०१२ पासून जागतिक वारशात समाविष्ट झालेल्या पश्चिम घाटाचा भाग, हेही जांभ्याचेच. तेथे फुलांचा बहर ऑगस्ट अखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. जुलैत ओल भरपूर पण ढगांमुळे ऊन नाही. नोव्हेंबरात ऊन भरपूर पण मातीच्या पातळ थरात ओल नाही. ऊन आणि ओल दोन्ही एकत्र मिळतात ते फक्त मधल्या काही आठवड्यांत. तेरडा, गेंद, कवला यांना बी धरायला एवढीच फट आहे, म्हणून सगळे एकदम फुलतात. पर्यटकांना जो उत्सव दिसतो, ती वनस्पतींची घाई असते.

घाट उतरून वाईच्या खोऱ्यात आले, की खडक तोच आणि माती उलटी. जास्त पावसाने ज्या बेसाल्टचा तांबडा, आम्लधर्मी जांभा केला, त्याच बेसाल्टची कमी पावसात काळी, चुनखडीयुक्त, अल्कधर्मी माती होते. पाणी कमी असल्याने कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन जात नाही आणि फुगणारी चिकणमाती तयार होते. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. उन्हाळ्यात भेगांत हात जाईल इतकी जमीन फाटते, वरची भुसभुशीत माती आत पडते आणि पहिल्या पावसाने भेगा मिटतात. शेतकरी म्हणतो, काळी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. ते बरोबर आहे. या मातीचा खरा गुण साठवणीचा आहे. खोल काळीत परतीच्या पावसाची ओल मुरली, की त्यावर मालदांडीसारखी रब्बी ज्वारी पुढे एकही सर न येता उभी राहते. इथे पाऊस पडतो एका ऋतूत आणि वापरला जातो दुसऱ्या ऋतूत. मधला काळ माती सांभाळते. पावसाइतकेच मातीच्या खोलीला महत्त्व येते ते इथे. तळाशी काळी आणि टेकाडावर मुरूम, एवढ्या फरकाने एकाच गावातल्या दोन भावांच्या वाटण्यांचे मोल वेगळे होते.

माणदेशात पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि तोही बेभरवशाचा. हवा आणि ऊन मिळून वर्षभरात जेवढे पाणी उडवून नेऊ शकतात, ते या पावसाच्या तिपटीच्या घरात जाते. माती बहुतेक ठिकाणी उथळ, मुरमाड, बरड. येथे झाड आपले आयुष्य पाण्याभोवती बेतते. हिवर आणि बाभूळ पानांचा आकार बारीक ठेवतात, मुळे खोल सोडतात. तरवड आणि हेकळ गुरांनी खाऊ नये म्हणून आपापले उपाय करतात, कारण जिथे एक पान करायला इतके पाणी खर्च होते तिथे ते गमावणे परवडत नाही. कुसळी गवताच्या बीला पीळदार कूस असते. ओल लागली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि या हालचालीने बी मातीत घुसते. हवेतल्या ओलीचा चढउतार हीच तिची पेरणीची यंत्रणा. या उघड्या माळावर चिंकारा, लांडगा, धाविक आणि चंडोल राहतात. सोलापूरकडचे माळढोकासाठी राखलेले माळरानही याच कोरड्या पट्ट्यातले. या जीवांना झाडांची दाटी नको असते. म्हणून माळावर सरसकट झाडे लावणे हे तिथल्या सृष्टीवर उपकार नसून अतिक्रमण आहे.

या मुलखातल्या धनगरांनी दोन्ही टोकांचा मेळ घातला होता. पावसाळ्यात मेंढ्या कोरड्या माळावर ठेवायच्या आणि सुगी संपली की पश्चिमेला, जास्त पावसाच्या मुलखाकडे न्यायच्या. मेंढीला सततची ओल सोसत नाही, तिचे खूर कुजतात. पण पाऊस ओसरल्यावर त्याच मुलखातला चारा तिला चालतो. पिढ्यान्‌पिढ्यांची ही चाल म्हणजे पावसाच्या उलट दिशेने काढलेली रेषाच आहे.

कोणत्या घटकाचा अंमल केव्हा चालेल, याचे दोन जुने नियम आहेत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८४० च्या सुमारास पिकांबाबत मांडले, आणि त्यांच्याआधी श्प्रेंगेल यांनीही म्हटले होते, की वाढ सर्वांत अपुऱ्या द्रव्यावर अडते, बाकीची कितीही विपुल असोत. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ शेल्फर्ड यांनी १९१३ साली त्याला जोड दिली, की तुटवड्याइतकाच अतिरेकही मारक असतो आणि प्रत्येक जातीला प्रत्येक घटकाची खालची आणि वरची सीमा असते. या पट्ट्यावर दोन्ही नियम ताडून पाहता येतात. खाडीच्या चिखलात अडणारा घटक प्राणवायू, सड्यावर नायट्रोजन, घाटमाथ्यावर उन्हाळ्यातली ओल, रानाच्या तळाशी प्रकाश, माणदेशात पाणी.

अतिरेकाचे टोक पाहायचे तर या पट्ट्याबाहेर, बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला जावे लागते. बेसाल्टवर उल्का आदळून झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बंदिस्त आहे. पाणी आत येते, पण बाहेर पडायला बाष्पीभवनाखेरीज वाट नाही. क्षार मागे राहत गेले आणि पाण्याचा सामू दहाच्या आसपास पोचला. मासे त्यात जगत नाहीत. स्पिरुलिनासारखे सूक्ष्मजीव मात्र इतके वाढतात की पाणी हिरवे दिसते. जून २०२० मध्ये पाणी आटून खारेपणा आणखी वाढला आणि सरोवर गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केली, तेव्हा हा रंग मीठप्रिय हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा असल्याचे आढळले. एका घटकाची मात्रा वाढली आणि सत्ता एका जीवसमूहाकडून दुसऱ्याकडे गेली.

हा अंमल एकतर्फी मात्र नाही. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू साचू लागला, तो नीलहरित जिवाणूंच्या प्रकाशसंश्लेषणातून. आज निर्जीव म्हणून मोजली जाणारी हवा सजीवांनीच घडवलेली आहे. सड्यावरचा कातळ काळा दिसतो त्यात त्याच नीलहरित जिवाणूंचा आणि दगडफुलांचा मोठा वाटा असतो. ते हवेतला नायट्रोजन बांधतात, आम्लांनी दगड कुरतडतात आणि कण कण माती करतात. मातीला म्हणूनच पूर्ण निर्जीव म्हणता येत नाही. ती खडक, हवामान, उतार, काळ आणि जीव यांच्या मिळून झालेल्या कामाचे फळ आहे.

माणूस या घटकांत हात घालतो तेव्हा लीबिगचा नियम पुन्हा लागू होतो. महाबळेश्वरावर पडलेला पाऊस घेऊन निघालेल्या कृष्णेचे पाणी आता जिहे-कठापूर योजनेतून उचलून खटाव-माणकडे नेले जाते. पर्जन्यछायेचा आडोसा पंपाने ओलांडला गेला. ज्या गावांनी टँकरवर उन्हाळे काढले, तिथे या पाण्याचे मोल शब्दांत सांगता येणार नाही. मात्र पाणी पुरेसे झाले, की अडणारा घटक दुसरा होतो. कृष्णाकाठच्या सांगली-कोल्हापूर भागातल्या खोल काळ्या जमिनींत ते दिसून आले आहे. उसाला भरमसाट पाणी दिले, निचरा झाला नाही, पाण्याची पातळी वर आली, आणि बाष्पीभवनाने क्षार पृष्ठभागावर साचले. जिथे सोडियम वाढले तिथे चिकणमातीचे कण सुटे होऊन जमीन चोपण झाली, म्हणजे ओली असताना चिकट, वाळली की दगड, आणि पाणी मुरायला बंद. अशा जमिनीत जिप्सम घालतात, त्यातले कॅल्शियम मातीच्या कणांवरचे सोडियम हटवते. सुटलेले सोडियम वाहून जायला मात्र वाट लागते. म्हणून जमिनीखाली तीन-चार फुटांवर सच्छिद्र नळ्या पुरून त्या उतारावरच्या नाल्याला जोडतात, आणि पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत त्या नळ्यांतून बाहेर पडणारे पाणी खारट लागते.